इझाबेल ह्युपेर आणि क्लोद शाब्रोल: एका जोडीचे सात सिनेमे धरून फ्रेंच सिनेमा कसा बघायचा

फ्रेंच सिनेमा बघायला सुरुवात करायचीय असं कुणी म्हटलं की लगेच शंभर नावांची यादी हातात पडते, गोदार, त्रुफो, ब्रेसाँ, रने सगळे एका दमात, आणि मग माणूस त्यातला एखादा अवघड सिनेमा रात्री अकराला लावतो, वीस मिनिटांत जांभया देतो आणि हे आपल्याला झेपत नाही म्हणून कायमचा सोडून देतो. माझं म्हणणं असंय की यादी बाजूला ठेवा आणि एक जोडी धरा. एक नटी, एक दिग्दर्शक, आणि त्या दोघांनी मिळून केलेलं सगळं काम सावकाश, क्रम लावून बघा. माणसं तीच राहतात त्यामुळे काय बदललं ते आपोआप डोळ्यांत भरतं, आणि डोळ्याला ती सवय लागली की मग कुठलाही फ्रेंच सिनेमा लावा, कुठे बघायचं ते कळायला लागतं.

माझी जोडी म्हणजे इझाबेल ह्युपेर आणि क्लोद शाब्रोल. दोघांनी मिळून सात सिनेमे केले: ‘व्हिओलेत नोझिएर’ (1978), ‘उन अफेर द फाम’ (1988), ‘मादाम बोव्हारी’ (1991), ‘ला सेरेमोनी’ (1995), ‘रिऐं न व्हा प्लु’ (1997), ‘मेर्सी पूर ल शोकोला’ (2000) आणि ‘लिव्रेस द्यु पुव्वार’ (2006). पहिला आला तेव्हा ह्युपेर पंचवीस वर्षांची होती आणि शेवटचा आला तेव्हा बावन्नची, म्हणजे एका बाईचा चेहरा अठ्ठावीस वर्षं एकाच माणसाच्या नजरेतून बघायला मिळतो, आणि सात ही संख्या अशी आहे की घाई न करता दोनेक महिन्यांत सहज होते. आठवड्याला एक, त्यापेक्षा जास्त नको.

आधी दोघांची ओळख करून घ्या, पण थोडक्यात

शाब्रोल 1930 सालचा, पॅरिसचा, पण युद्धाची वर्षं त्याने सार्दाँ नावाच्या खेड्यात काढली, मध्य फ्रान्समधल्या क्रझ भागात. पुढे ‘काहिए द्यु सिनेमा’ या मासिकात तो त्रुफो, गोदार, रोमेर यांच्याबरोबर समीक्षा लिहायचा, आणि 1957 मध्ये रोमेर आणि त्याने मिळून हिचकॉक या रहस्यपटांच्या दिग्दर्शकावर पुस्तक लिहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा कारण हिचकॉक त्याच्या सगळ्या सिनेमांच्या खाली वाहत असतो. पहिला सिनेमा ‘ल बो सेर्झ’ त्याने त्याच सार्दाँ गावात काढला, पहिल्या बायकोला वारशाने मिळालेल्या पैशांतून, आणि तो 1958 चा सिनेमा फ्रेंच नव्या लाटेतला, म्हणजे त्या काळच्या तरुण दिग्दर्शकांच्या चळवळीतला, पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा मानतात. 2010 मध्ये तो गेला, तोवर पन्नासच्या वर सिनेमे करून झाले होते. त्याचा कायमचा विषय एकच म्हणता येईल: सुखवस्तू घर, नीट मांडलेलं टेबल, चांगलं जेवण, चांगली वाईन, आणि त्याच घरात शिजणारा गुन्हा.

अजून एक, मला फार आवडणारी गोष्ट. त्याचं युनिट बरंचसं घरचंच असायचं. बायको ऑरोर सेटवर कंटिन्यूइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, सांभाळायची, मुलगा मात्यू संगीत द्यायचा, दुसरा मुलगा तोमा छोट्यामोठ्या भूमिका करायचा. ह्युपेर इतक्या वेळा परत आली त्यात या वातावरणाचा वाटा असणार असं मला तरी वाटतं, कारण पडद्यावर ती इतकी निवांत क्वचित दिसते, भूमिका कितीही भयंकर असली तरी.

ह्युपेर 1953 ची, पॅरिसचीच. 1977 च्या ‘ला दाँतेलिएर’ या सिनेमातल्या लाजऱ्या, गप्प मुलीमुळे ती लोकांच्या नजरेत आली आणि पुढच्याच वर्षी शाब्रोलने तिला थेट बापाला विष घालणाऱ्या पोरीची भूमिका दिली. तिच्याबद्दल आत्ता एवढं पुरे, बाकीचं ती स्वतः दाखवेल.

तयारी

सिनेमे कुठे मिळतील ते आधी बघून ठेवा, सात एका ठिकाणी मिळतील अशी आशा धरू नका. मुबीसारख्या अ‍ॅपवर सिनेमे येतात आणि जातात, त्यामुळे दिसला की त्याच आठवड्यात बघून टाकायचा. पुण्यामुंबईत असाल तर आलियाँस फ्रान्सेज या फ्रेंच भाषा शिकवणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, तिथलं सभासदत्व घेतलं तर लायब्ररीत डीव्हीडी आहेत का तेही विचारा. शोधताना इंग्रजी नावंही माहीत असू द्या, कारण ‘उन अफेर द फाम’ हा ‘स्टोरी ऑफ विमेन’ म्हणून मिळतो, ‘रिऐं न व्हा प्लु’ हा ‘द स्विंडल’ म्हणून, आणि शेवटचा ‘कॉमेडी ऑफ पॉवर’ म्हणून.

डब केलेलं काही बघू नका. फ्रेंच येत नसली तरी ह्युपेरचा आवाज ऐकायलाच हवा, ती वाक्य कसं सपाट टाकते, मध्येच किती पटकन बोलते, हा अर्धा अभिनय आहे. सबटायटल्स इंग्रजी असतील तर पहिली दहा मिनिटं डोळे खालीच राहतील, त्याची काळजी करू नका, शाब्रोलच्या सिनेमात लोक फार अवघड बोलत नाहीत, पंधराव्या मिनिटापर्यंत वाचणं आणि बघणं जुळून येतं. टीव्हीवर बघत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ते मोशन स्मूदिंग बंद करा, त्याने सगळे सिनेमे मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात. फोन दुसऱ्या खोलीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिनेमा बघायच्या आधी विकिपीडियावर कथा वाचू नका. ट्रेलरही नको.

लहान मुलं आजूबाजूला असताना हे सिनेमे लावायचे नाहीत. हिंसा कमी असते पण असते तेव्हा अंगावर येते, आणि विषयही मोठ्यांचे आहेत.

पहिला सिनेमा: ‘ला सेरेमोनी’ (सालाप्रमाणे जाऊ नका)

सालाप्रमाणे गेलात तर ‘व्हिओलेत नोझिएर’ आधी येईल आणि तो जरा मागेपुढे उड्या मारणारा सिनेमा आहे, नवीन माणसाला दमवतो. ‘ला सेरेमोनी’पासून सुरू करा. रूथ रेंडेल या इंग्लिश लेखिकेच्या कादंबरीवरून घेतलेला, पण शाब्रोलने तो ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाला, सँ-मालोच्या बाजूला नेलाय.

गोष्ट वरवर साधी. लल्येव्हर हे पैसेवालं कुटुंब गावाबाहेरच्या मोठ्या घरात राहतं. जॅकलीन बिसेट घरातली बाई, झाँ-पिएर कासेल तिचा नवरा, संगीताची आवड, पुस्तकांची खोली, सगळं सुसंस्कृत. त्यांच्याकडे सोफी ही नवीन मोलकरीण येते, ती साँद्रीन बोनेर. आणि गावच्या पोस्टात काम करणारी जान, ही आपली ह्युपेर. सोफी आणि जानची मैत्री होते. बस, यापुढचं मी सांगणार नाही.

पहिल्यांदा बघताना काहीही नोंदवू नका, फक्त बघा. संपल्यावर लगेच उठू नका, श्रेयनामावली पूर्ण चालू द्या, ती बंद करणारा माणूस या सिनेमाचा एक तुकडा गमावतो आणि तो का ते बघितल्यावर कळेल.

दोन दिवसांनी परत लावा आणि आता फक्त सुरुवात बघा. बिसेट कॅफेत बसलीय, काचेतून रस्ता दिसतोय आणि सोफी रस्ता ओलांडून येते. मुलाखत होते. मालकीण गोड बोलते, घर कसं आहे, कोणकोण आहे, पगार किती. सोफी तुटक उत्तरं देते. शिफारसपत्र पुढे करते. पहिल्या वेळी हा सीन माहिती देणारा वाटतो, म्हणजे नोकरी मिळाली, चला पुढे. दुसऱ्यांदा बघताना बोनेरचे डोळे कुठे जातात ते बघा, कुठल्या प्रश्नाला ती चटकन उत्तर देते आणि कुठे अडते, आणि मालकिणीच्या ते लक्षातही येत नाही कारण ती वाईट नाहीये, ती फक्त समोरच्या माणसाकडे नीट बघत नाही. अख्खा सिनेमा या न बघण्यावर उभा आहे. ज्या घरात पूर्ण वेळची बाई कामाला आहे अशा आपल्याकडच्या कुठल्याही फ्लॅटमध्ये हा सिनेमा बघताना खोलीत जरा शांतता पसरते, मी पाहिलंय ते, कारण लल्येव्हर मंडळी दुष्ट नाहीत, चष्मा करून देतो म्हणतात, गाडी शिकवतो म्हणतात, आपल्यासारखीच चांगली माणसं आहेत.

मग ह्युपेरकडे या. केसांच्या दोन वेण्या घातलेली पोस्टातली बाई, वय वाढलंय पण वागणं शाळेतल्या खोडकर पोरीचं. लोकांची पत्रं उघडते असा तिच्यावर संशय आहे. बोनेर जितकी स्थिर, तितकी ही चुळबुळी, खुर्चीवर नीट बसत नाही, दुसऱ्याच्या घरात शिरली की वस्तूंना हात लावत फिरते. एक सीन घ्या, दोघी चर्चच्या मदतकार्यासाठी लोकांनी दिलेले जुने कपडे निवडतायत. लोकांनी गरिबांना म्हणून काय काय चिंध्या दिल्यात ते बघून जान भडकते आणि कपडे भिरकावायला लागते, सोफी तिच्याकडे बघून हसते, आणि त्या हसण्यात पहिल्यांदा जाणवतं की या दोघी एकत्र आल्यामुळे काहीतरी तिसरंच तयार झालंय जे एकेकटीत नव्हतं.

हा सीन आवाज बंद करून बघा. मग परत आवाज लावून, पण पडद्याकडे न बघता नुसता ऐका. मग नेहमीसारखा. तीन वेळा, दहा-बारा मिनिटांचं काम आहे, आणि अभिनय बघायला शिकायचा असेल तर माझ्या मते यापेक्षा सोपा रस्ता नाही. आवाज नसताना ह्युपेरचे हात दिसतात. नुसतं ऐकताना कळतं की ती वाक्याच्या शेवटी भावना घालत नाही, ऐन रागातही आवाज हलका ठेवते, आणि भीती वाटते ती त्या हलकेपणाची.

या सिनेमासाठी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात 1995 मध्ये दोघींना मिळून सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला गेला, आणि ह्युपेरला सेझारही मिळाला, म्हणजे फ्रान्सचा सगळ्यात मोठा सिनेपुरस्कार.

एक प्रश्न बाजूला ठेवायला शिका

आपल्याला गुन्ह्याच्या गोष्टीत एक सवय असते, शेवटी कुणीतरी येऊन सांगणार की हिने हे का केलं. लहानपणी मार पडला, प्रेमात धोका मिळाला, पैसे हवे होते. शाब्रोल हे उत्तर देत नाही. तो कारणं समोर मांडतो, कधीकधी पाच-सहा, सगळी खरी वाटणारी, आणि त्यातलं एकही पुरेसं नसतं. आणि ह्युपेर अशी नटी आहे की ती प्रेक्षकाकडे सहानुभूती मागत नाही. ती रडून दाखवत नाही, मी बिचारी आहे असं चेहऱ्याने सांगत नाही. त्यामुळे ‘का’ हा प्रश्न सोडून ‘आत्ता ही काय करतेय’ एवढंच बघावं लागतं. सुरुवातीला त्रास होतो, लोक म्हणतात थंड सिनेमा आहे, काही कळलंच नाही. थांबा जरा. तिसऱ्या सिनेमापर्यंत त्या चेहऱ्यावर इतकं काही घडताना दिसायला लागतं की थंड हा शब्द तुम्हीच मागे घ्याल. ही जोडी मला जवळची वाटते ती यासाठीच, ते दोघंही त्या बाईला समजून घेतल्याचा आव आणत नाहीत आणि तिला टाकूनही देत नाहीत.

दुसरा आणि तिसरा: खऱ्या घटनांवरचे दोन

आता ‘उन अफेर द फाम’ आणि पाठोपाठ ‘व्हिओलेत नोझिएर’. दोन्ही खऱ्या खटल्यांवरचे, आणि इथे मात्र थोडा इतिहास माहीत असलेला बरा.

‘उन अफेर द फाम’ मारी-लुईझ जिरो या बाईवर बेतलाय, सिनेमात तिचं नाव मारी लातूर. दुसरं महायुद्ध, जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचं शेर्बूर. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या पेताँच्या व्हिशी सरकारने 1942 मध्ये कायदा करून गर्भपात हा राज्याविरुद्धचा गुन्हा ठरवला, म्हणजे बायकांनी पोरं जन्माला घालणं हे देशाचं काम आणि त्यात आडवी येणारी देशद्रोही. जिरो बायकांचे गर्भपात करून द्यायची, आणि 30 जुलै 1943 ला तिला गिलोटिनवर चढवलं. सिनेमा आला 1988 मध्ये. त्याच्या आधी 1975 मध्ये फ्रान्समध्ये गर्भपात कायदेशीर झाला होता आणि 1981 मध्ये फाशीची शिक्षा रद्द झाली होती, म्हणजे बघणाऱ्या लोकांसाठी हे सगळं अगदी काल-परवाचं होतं. धार्मिक मंडळींनी सिनेमावर बराच गदारोळ केला, त्यातल्या एका प्रार्थनेच्या वाक्यामुळे.

आणि शाब्रोलने काय केलं, तर या बाईला हुतात्मा केलं नाही. मारी शेजारणीला मदत म्हणून सुरुवात करते, मग पैसे येतात, मग ते पैसे तिला आवडायला लागतात. चांगलं खायला, चांगले कपडे, वेश्याव्यवसाय करणाऱ्या मैत्रिणीला खोली भाड्याने, आणि गाणं शिकायची हौस, तिला गायिका व्हायचंय. नवरा, फ्रान्स्वा क्ल्युझे, जर्मनांच्या कैदेतून परत आलेला आणि तिला नकोसा झालेला. तिच्या गाण्याच्या शिकवणीचा भाग नीट बघा, तिथे ह्युपेरचा चेहरा असा उघडतो जसा अख्ख्या सिनेमात दुसरीकडे कुठे उघडत नाही. ज्या बाईला पुढे काय होणारे हे आपल्याला माहितीय, ती तिथे फक्त खूश आहे. दिग्दर्शक तिला निर्दोष दाखवायला बघत नाही, म्हणून शिक्षा येते तेव्हा ती आपल्याला सहन होत नाही. याही भूमिकेसाठी तिला व्हेनिसला अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

त्यानंतर दहा वर्षं मागे या. व्हिओलेत नोझिएर या अठरा वर्षांच्या मुलीने 1933 मध्ये पॅरिसमध्ये आई-बापाला औषध म्हणून विष दिलं. बाप गेला, आई वाचली. बाप रेल्वेत कामाला, घर अगदी लहान. तिने बापावर अत्याचाराचा आरोप केला आणि अख्खा फ्रान्स दोन बाजूंना वाटला गेला, अतिवास्तववादी कवींनी तिच्यावर कविता लिहिल्या. 1934 मध्ये मृत्युदंड सुनावला, मग तो जन्मठेपेवर आला, पुढे शिक्षा आणखी कमी झाली, 1945 मध्ये ती सुटली आणि 1963 मध्ये तिला सगळे नागरी हक्क परत मिळाले.

या सिनेमात घराच्या खोल्या बघा. किती अरुंद जागा आहे, तिघांना एकमेकांपासून लपायला काही जागाच नाही, आणि बाहेर लॅटिन क्वार्टर या पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या भागात तीच मुलगी लिपस्टिक लावून, फरचा कोट घालून वेगळीच बाई होते. बापाबद्दलचा आरोप खरा की खोटा यावर शाब्रोल शिक्कामोर्तब करत नाही. आईच्या भूमिकेत स्तेफान ओद्राँ आहे, तेव्हाची शाब्रोलची बायको आणि त्याच्या आधीच्या कितीतरी सिनेमांची नायिका, आणि मला या सिनेमात कायम वाटत राहतं की एक नायिका दुसरीच्या हातात काहीतरी देतेय. ह्युपेरला कान (Cannes) चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, जिल क्लेबर्गबरोबर विभागून, आणि ओद्राँला सहाय्यक भूमिकेचा सेझार.

दोन्ही बघून झाले की एक काम करा, दोन्हीतले जेवणाचे सीन परत काढून बघा. कोण वाढतं, कोण आधी खायला लागतं, कोण ताटाकडे बघून बोलतं. शाब्रोल स्वतः खाण्याचा प्रचंड शौकीन होता आणि घरातली सत्ता कुणाकडे आहे हे तो टेबलावरच दाखवतो. वर्गातला फरकही तिथेच दिसतो. ‘ला सेरेमोनी’त सोफी कुठे बसून जेवते ते आता आठवून बघा.

चौथा: ‘मेर्सी पूर ल शोकोला’

हा माझा सगळ्यात लाडका, आणि मुद्दाम चौथ्या नंबरवर ठेवलाय कारण डोळा तयार असल्याशिवाय यात काही घडतच नाही असं वाटू शकतं. स्वित्झर्लंडमधलं लोझान, तलावाकाठची श्रीमंती. ह्युपेर म्हणजे मिका म्युलर, चॉकलेटच्या कंपनीची मालकीण, नम्र, नीटनेटकी, सगळ्यांची काळजी घेणारी. तिचा नवरा पियानोवादक, ही भूमिका गायक झाक द्युत्राँने केलीय. एक दिवस एक तरुण पियानो शिकणारी मुलगी, आना मुग्लालिस, घरी येते कारण तिला कळलंय की तिच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलमध्ये बाळांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता होती.

मिका रोज रात्री घरच्यांसाठी स्वतःच्या हाताने हॉट चॉकलेट बनवते. सुरुवातीलाच एक सीन आहे, ती पाहुणी मुलगी भिंतीवरचा फोटो बघत उभी आहे आणि त्याच्या काचेत तिला मागचं दिसतं, मिका चॉकलेटचा थर्मास मुद्दाम सांडतेय. मागे वळून बघितलं असतं तर फक्त सांडलेलं दिसलं असतं, अरेरे, सॉरी, पुसून घेते. काचेत दिसलं म्हणून मुद्दाम हा शब्द कळला. ना संगीत वाढतं, ना क्लोजअप घुसवला जातो. हिचकॉकवर पुस्तक लिहिलेला माणूस सत्तरीला आल्यावर इतक्या कमी सामानात भीती उभी करतो.

यात दोन गोष्टींचा माग ठेवा. एक, फ्रांझ लिस्ट या संगीतकाराची ‘फ्युनेराय’ ही पियानोची रचना, द्युत्राँ त्या मुलीला ती शिकवत असतो आणि सिनेमाभर तिचे तुकडे येत राहतात. ऐकलेली नसेल तर आधी एकदा यूट्यूबवर पूर्ण ऐकून घ्या, मग सिनेमात ती कुठे अडकते आणि कुठे पुढे जाते याला अर्थ येतो. दोन, मिकाचं क्रोशाचं विणकाम. ती काय विणतेय, त्याचा आकार कसला आहे, ते शेवटपर्यंत डोळ्यांआड होऊ देऊ नका. शेवटचा शॉट ह्युपेरवर बराच वेळ थांबून राहतो, नावं वर सरकत असतात आणि कॅमेरा हलत नाही. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळात जे होतं ते मी शब्दांत लिहिणार नाही, पण पश्चात्ताप म्हणावं तर तो नाही आणि समाधान म्हणावं तर तेही नाही.

‘ला सेरेमोनी’ आणि हा, दोन्हींची पटकथा शाब्रोलने कारोलिन एलियाशेफ या मनोविश्लेषक बाईबरोबर लिहिलीय. मनाचा अभ्यास असणारी लेखिका बरोबर घेऊन त्याने मनाबद्दल काहीच समजावून सांगितलं नाही, हे मला फार सुंदर वाटतं.

उरलेले तीन

‘मादाम बोव्हारी’ला दोन तासांहून जास्त वेळ लागतो, रविवारी दुपारी बघा. फ्लोबेरची याच नावाची कादंबरी वाचलेली असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल, सिनेमा तिला धरूनच चालतो, मध्येमध्ये निवेदनही आहे. चित्रीकरण नॉर्मंडीतल्या लियाँ-ला-फोरे गावात झालं, जिथे 1930 च्या दशकात झाँ रन्वारनेही याच कादंबरीवर सिनेमा केला होता. स्पष्ट सांगायचं तर सातांत हा मला सगळ्यात कमी भिडतो, कादंबरीचा मान राखता राखता शाब्रोल जरा जपून वागलाय. तरीपण शेवटची वीसेक मिनिटं आणि ह्युपेरचे कपडे, म्हणजे कर्ज वाढत जातं तसे कपडे कसे बदलत जातात, तेवढ्यासाठी बघाच.

‘रिऐं न व्हा प्लु’ हलकाफुलका. ह्युपेर आणि मिशेल सेरो, भुरट्या फसवाफसवीवर जगणारी जोडी, डेंटिस्टांचं संमेलन वगैरे गाठून छोटे हात मारायचे, आणि मग एक मोठा हात मारायला जातात. दोघं बाप-लेक आहेत, प्रेमी आहेत की नुसते भागीदार, हे सिनेमा सांगत नाही. ह्युपेर विगवर विग बदलते आणि तुमचे आता चार-पाच सिनेमे बघून झालेत त्यामुळे मजा येते, कारण ती अभिनय करणाऱ्या बाईचा अभिनय करतेय हे ओळखू येतं.

‘लिव्रेस द्यु पुव्वार’ शेवटी ठेवा. एल्फ या फ्रेंच तेलकंपनीच्या भ्रष्टाचार प्रकरणावरून सुचलेला, ज्याचा तपास एव्हा जोली या न्यायाधीश बाईंनी केला होता. आपल्या वाचकांसाठी एक खुलासा हवा: फ्रान्समध्ये तपास करणारा न्यायाधीश असा एक वेगळा प्रकार असतो, तो स्वतः चौकशी करतो, झडती घ्यायला लावतो, आरोपीला समोर बसवून प्रश्न विचारतो. ह्युपेर ही ती न्यायाधीश. हे डोक्यात नसेल तर न्यायाधीश पोलिसांचं काम का करतेय असा गोंधळ होतो. सुरुवातीला बडा साहेब पकडला जातो, त्याला अंगाला खाज सुटायचा आजार आहे, आणि तुरुंगात त्याचे कपडे उतरवून झडती होते तिथे त्याची सगळी सत्ता गळून पडते. समोर ह्युपेर, लाल हातमोजे, सुरेख बॅग, आणि माणूस चिरडताना तिला मिळणारा आनंद. ती बरोबर आहे, चोर खरंच चोर आहेत, आणि तरी तिच्याकडे बघून अस्वस्थ व्हायला होतं. इतकी वर्षं शाब्रोलने तिला गुन्हेगार केलं आणि शेवटी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसवलं, पण चेहरा तोच ठेवला.

वही आणि सोबत

प्रत्येक सिनेमानंतर पानभर लिहा, कथा लिहू नका, ती कुठेही मिळते. तीनच गोष्टी लिहा: ह्युपेरच्या हातात काय होतं (पत्र, कप, सुई, सिगारेट), ती कुणासमोर बसली होती आणि कुणासमोर उभी, आणि कुठल्या क्षणी तुम्हाला ती आवडली आणि कुठल्या क्षणी नकोशी झाली. तिसरी नोंद प्रामाणिक लिहा. चौथ्या सिनेमानंतर मागची पानं चाळलीत तर दिसेल की आवडायचे आणि नकोसे व्हायचे क्षण एकमेकांच्या अगदी जवळ आलेत.

दोन-तीन मित्रमैत्रिणी बरोबर असतील तर फारच छान, पण बघितल्यावर लगेच चर्चा नको, एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर प्रत्येकाने एकच सीन निवडून व्हॉइस नोट टाकायची, कुठला आणि का. ‘ला सेरेमोनी’नंतर बहुतेक जण शेवटच्या सीनबद्दल बोलतात, त्यांना अडवा आणि मधला एखादा सांगायला लावा.

सात झाल्यावर कुठे जायचं

आता जोडी तोडा आणि दोन वाटा धरा. शाब्रोलला ह्युपेरशिवाय बघा: ‘ल बूशे’ (1970), ओद्राँ गावातली शिक्षिका आणि झाँ यान खाटीक, दोर्दोन्यमधल्या खऱ्या गावात काढलेला, आणि त्याच्या आधीचा ‘ला फाम अँफिदेल’ (1969). मध्यमवर्गीय घर आणि गुन्हा हे सूत्र किती आधीपासून होतं ते दिसतं.

दुसरी वाट, ह्युपेरला शाब्रोलशिवाय बघा. मॉरिस पियालाचा ‘लुलू’ (1980) बघा, तिथे ती इतकी मोकळी आणि बेशिस्त आहे की धक्का बसेल. मिखाएल हानेके या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा ‘ला पियानिस्त’ (2001), ज्यासाठी तिला दुसऱ्यांदा कानचा पुरस्कार मिळाला, तो मन घट्ट असेल तेव्हाच. आणि मिया हान्सन-लव्हचा ‘लाव्हनीर’ (2016), तत्त्वज्ञान शिकवणारी पन्नाशी ओलांडलेली बाई, नवरा सोडून जातो, आई जाते, आणि ती मांजर सांभाळत, पुस्तकं उचलत, बस पकडत पुढे जात राहते. कुणाचा खून होत नाही. हा मात्र ‘ला पियानिस्त’च्या नंतर लगेच बघू नका, मध्ये आठवडाभर जाऊ द्या, आणि वहीत त्याच तीन नोंदी करा.